टेबलाखालचे व्याही

जगातली प्रत्येक बंद वस्तू ही उघडण्यासाठीच बंद केलेली असते, असा अढळ विश्वास असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे आणि माझ्या दैवाने तो माझा व्याही आहे. व्याही हे नातं मुळातच जपून हाताळायचं. सख्ख्या भावाला ‘हात लावू नकोस’ म्हणता येतं, शेजाऱ्याला ‘राहू द्या हो’ म्हणता येतं. मुलीच्या सासऱ्याला काहीच म्हणता येत नाही. ते घरी आले, चहा घेता घेता त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि ‘हे जरा मागे पडतं का हो?’ असं त्यांनी मायेने विचारलं, की मुलीच्या बापाने निमूट उठून घड्याळ खाली काढून द्यायचं असतं. डहाणूजवळ मसोलीच्या आमच्या घरातली घड्याळं अशीच एकेक करून गेली. आता आम्ही वेळ मोबाइलवर बघतो आणि व्याही यायचे असले की मोबाइल उशीखाली ठेवतो.

व्याही राहतात तलासरीच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका पाड्यात. थोडी भातशेती, उतारावर नाचणी, दाराशी आंब्याचं झाड आणि ओटीवर, कायम उघड्या अवस्थेत, काहीतरी. ते आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवत आले, त्यामुळे अर्धी तलासरी त्यांना ‘सर’ म्हणते आणि मीही तेच म्हणतो. घरी वारली बोलणारी, बाजारात गुजराती बोलणारी आणि सिनेमातली हिंदी बोलणारी पोरं त्यांनी मराठी व्याकरणाच्या पेपरात पास करून दाखवली. कसं, असं विचारलं तर म्हणतात, ‘वाक्य उघडून दाखवायचं. आत काय काय आहे हे एकदा दिसलं की पोरं घाबरत नाहीत.’ निवृत्त झाल्यावर उघडायला वाक्यं उरली नाहीत. मग त्यांनी घरातल्या वस्तू उघडायला घेतल्या.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, इथे नुकतंच काहीतरी घडून गेलंय. मिक्सरला बूड नव्हतं. रेडिओ आणि त्याचं खोकं हे दोघं दोन वेगळ्या फळ्यांवर राहत होते आणि रेडिओ त्यातल्या एका फळीवरून भजन म्हणत होता. इस्त्रीची मूठ इस्त्रीपासून विभक्त होती. विहीणबाई या सगळ्यातून शांतपणे पदर सावरत फिरत होत्या. ‘आमच्याकडे वस्तू बिघडत नाहीत,’ त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘निवृत्त होतात.’ एखादी वस्तू पुन्हा जोडून झाली की व्याह्यांच्या हातात दोन-चार स्क्रू हमखास उरतात. याचं त्यांना कधीच काही वाटलेलं नाही. बनवणारे सावधगिरी म्हणून दोन जास्तच लावतात, असं त्यांचं मत आहे.

लग्नात मुलाचा बाप रुसतो ही आमच्याकडची जुनी भीती. माझ्या बायकोने त्या रुसव्याची तरतूद म्हणून चांदीची एक वाटी वेगळी काढून ठेवली होती. व्याही जागेवर असते तर कदाचित रुसलेही असते. पण मुहूर्त जवळ आला तरी नवऱ्या मुलाचे वडील कुठे आहेत याचा कुणालाच पत्ता नव्हता. सकाळपासून लाउडस्पीकर घरघरत होता आणि त्या घरघरीने व्याह्यांना आत कुठेतरी बोलावून घेतलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि ऐन मध्यावर स्पीकर पूर्ण गप्प झाला. त्या शांततेत स्टेजमागच्या कापडातून व्याह्यांचा समाधानी आवाज सगळ्या मांडवाने ऐकला : ‘आता कुठे सापडला.’ मग ते बाहेर आले. हात काळे, त्या काळ्या हातांना अक्षता चिकटलेल्या. मी घाईघाईने ती वाटी पुढे केली. त्यांनी ती उलटी केली, तळ कसा जोडलाय ते बोट फिरवून पाहिलं, ‘छान काम आहे,’ म्हणाले आणि वाटी परत माझ्याच हातात दिली.

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात. व्याह्यांच्या खिशात पेचकस असतो. तलासरी–डहाणू एसटीत ते खडखडणारी सीट शोधून तिच्यावर बसतात आणि डहाणू येईपर्यंत तिचे बोल्ट आवळत असतात. कंडक्टर त्यांना ओळखतात. एकाने तर एकदा मला सांगितलं, ‘सरांना आम्ही मागच्या सीटवर बसवतो ने. पुढच्या सगळ्या त्यांनी करून टाकल्या.’ त्या गाडीत माझ्या माहितीप्रमाणे फक्त ड्रायव्हरची सीट त्यांच्या हातून सुटली आहे, आणि तीही ड्रायव्हर तिच्यावरून उठत नाही म्हणून.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, अशा घरात मुलगी देऊन मी पस्तावलो असेन. तसं झालं नाही. झालं असं, की माझी स्वाती सासरी गेली आणि काही महिन्यांतच सासऱ्याच्या पक्षाला मिळाली. सणाला घरी आली की तिच्या तोंडी सारखं ‘अण्णा म्हणाले’ आणि ‘मी नि अण्णांनी उघडलं’. आमच्याकडे लहानाची मोठी झाली तोवर बल्ब बदलायलाही ती मला हाक मारायची. तिकडे म्हणे दुपारची जेवणं झाली की सासरा आणि सून ओटीवर एखाद्या पंपाभोवती बसतात, सून बॅटरी धरते, सासरा आत बघतो आणि दोघं वाद घालतात. जावई उंबरगावच्या कारखान्यातून थकून येतो तेव्हा त्याला घरात पंप दिसतो, पण पाणी मिळत नाही. तो बिचारा समजूतदार आहे.

आता त्या संगणकाची गोष्ट. आमच्या घरचा संगणक स्वाती बी.एड. करत होती तेव्हाचा. समुद्र जवळ, खारी हवा, म्हणून मी सुताराकडून त्याच्या डब्यासाठी दारं असलेलं लाकडी कपाट करून घेतलं होतं आणि बायकोने त्याला क्रोशाचं पांढरं कव्हर विणलं होतं. देवापेक्षा तो बंदोबस्तात होता. स्वाती लग्नानंतर तलासरीकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. आज तास आहेत, उद्या नाहीत, असं चाललेलं. अशात नाशिककडच्या एका शाळेत भूगोलाच्या शिक्षिकेची कायमची जागा निघाली. मुलाखत घरबसल्या, संगणकावर. त्यातच छोटा पाठ घेऊन दाखवायचा, नकाशे पडद्यावर आणायचे, आणि मोबाइलवरून चालणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं. सासरच्या पाड्यात नेटवर्क वाऱ्यासारखं येतं आणि जातं. म्हणून स्वाती शनिवारी आमच्याकडे आली. मुलाखत सोमवारी सकाळी होती.

शनिवारी संध्याकाळी ती रंगीत तालीम करायला बसली आणि नकाशा अर्धा उलगडला तोच पडदा काळा झाला. बटण दाबलं, सुरू झाला. थोडा वेळ चालला, पुन्हा गेला. मी मला येत होते ते सगळे उपाय केले, म्हणजे प्लग काढून पुन्हा लावला आणि बाजूला उभा राहिलो. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या भाईला फोन लावला तर मागे बँड वाजत होता. तो मेव्हण्याच्या लग्नाला वलसाडला गेलेला, म्हणाला मंगळवारी बघू. बायको शेजारी दोन घरी लॅपटॉप मागून आली. एकाचा मुलाबरोबर सुरतेला गेला होता, दुसऱ्याच्यात कॅमेरा आंधळा होता. आम्ही असे विचारात बसलो असताना स्वाती आतून आली आणि हळूच म्हणाली, ‘अण्णांना फोन केलाय. सकाळच्या गाडीने येतायत.’ बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती उठली आणि ओट्यावरचा मिक्सर उचलून तिने आतल्या कपाटात ठेवला.

रविवारी व्याही आले ते थेट संगणकासमोर बसले. पेचकसाला हात लावण्याआधी ते नेहमी चौकशी करतात. नेमकं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संगणक बंद पडला. त्यांनी मान हलवली.

‘व्याहीबुवा, पडला नाही. पाडला,’ ते म्हणाले. ‘फळ पडतं, पाऊस पडतो. यंत्र आपण होऊन बंद पडत नसतं, त्याला कुणीतरी बंद पाडतं. क्रियापद प्रयोजक आहे. तेव्हा आधी कर्ता शोधू.’

कर्त्याचा शोध दुपारपर्यंत चालला. पहिला संशय विजेच्या बोर्डावर गेला आणि आमच्या हॉलचा बोर्ड भिंतीतून बाहेर आला. तो निर्दोष निघाला; तरी परत आत जाताना तो जरा तिरपा बसला, तो अजून तिरपाच आहे. दुसरा संशय पालीवर होता. पाल सापडली नाही. मग संगणकाचा डबा कपाटातून काढून चटईवर ठेवला गेला, स्वाती बॅटरी घेऊन शेजारी मांडी घालून बसली आणि व्याह्यांनी झाकण उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद असतो तो मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर फक्त पंगतीत पाहिलाय. आत धुळीची गोधडी होती, मुंग्यांचं एक जुनं गाव होतं आणि उंदराने आणून ठेवलेल्या चिकूच्या बिया होत्या. हे सगळं त्यांनी रंगकामाच्या मऊ ब्रशने झाडलं. संगणक सुरू केला, तो छान चालला. आम्ही सगळे हसलो. मग तो कपाटात ठेवला, दारं लावली, क्रोशाचं कव्हर घातलं, आणि तो गेला.

व्याही अजिबात खचले नाहीत. एकदा उघडल्यावर चूक सापडली असती तर त्यांना पुन्हा उघडायला मिळालं नसतं. मी सोफ्यावर बसून त्या दोघांकडे बघत होतो. एक अर्धं वाक्य बोलायचा, दुसरी त्याचं उरलेलं अर्धं खोडून काढायची. ‘ही वायर...’ ‘नाही अण्णा, ती मगाशी...’ ‘मग ती...’ ‘तीच म्हणतेय मी.’ माझ्याशी ती इतकी वर्षं बोलत आली, पण असं कधी भांडली नव्हती. मी बाप म्हणून तिला सगळं दिलं असेन, ज्याची चूक दाखवता येईल असा माणूस मात्र तिला सासरीच मिळाला.

शेवटी तिच्याच लक्षात आलं. खाली चटईवर, छताच्या पंख्याखाली असला की तो चालतो. कपाटात गेला की जातो. ती म्हणाली, ‘अण्णा, हा तापतोय.’ व्याह्यांनी आत बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. आतला छोटा पंखा, जो फिरून त्या तापल्या जागेला गार ठेवतो, तो फिरतच नव्हता. कर्ता सापडला म्हणून व्याही इतके खूश झाले की त्यांनी शिवणयंत्राचं तेल मागवून काडीने त्या पंख्याला पाजलं. पंखा फिरायला लागला. इथेच थांबायचं होतं. पण पंखा जरा डगमगतोय असं त्यांना वाटलं, त्यांनी पेचकसाने जरासं दाबलं, आणि कट्‌ असा बारीक आवाज आला. पंख्याचं एक पातं त्यांच्या तळहातावर पडलं होतं. हात लावला की उरलेला पंखा नुसता थडथडायचा आणि अडकायचा.

लग्नापासून आजवर इतक्या वस्तू त्यांच्या हातून गेल्या, पण व्याह्यांचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. ते पातं मुठीत धरून बसून राहिले. बायकोने पानं वाढली तर भूक नाही म्हणाले. स्वातीने समजूत घातली, की तो आधीच मेलेला होता, आपण नाही मारला. तेव्हा ते म्हणाले, ‘दुसरं काहीही चाललं असतं गं. हे नको होतं.’

रविवार असल्यामुळे बाजार बंद. मग टेबलावरचा पंखा लावून पाहिला. संगणक चालला, पण स्वातीने मैत्रिणीला पडद्यावर बोलावून विचारलं तर ती म्हणाली, तू बोटीत बसली आहेस का, नुसतं घोंगावतंय. छताच्या पंख्याचं तेच. तो तर वर्षानुवर्षं कटकट करतो. सगळे पंखे बंद करून आम्ही घामाघूम बसलो होतो आणि माझी बायको ताडाच्या पानाच्या पंख्याने स्वतःला वारा घेत होती. बोलता बोलता सगळ्यांच्या नजरा त्या पंख्यावर गेल्या. त्याला आवाज नव्हता. व्याही उठले, बायकोच्या हातून त्यांनी तो अदबीने घेतला आणि उघड्या संगणकाला वारा घालायला सुरुवात केली. स्वातीने सगळा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहिला. पडदा काळा झाला नाही. मग मात्र व्याही जेवले, आणि चांगले जेवले.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. बायकोने घेतला, मी शेजारीच होतो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्या म्हणाल्या, की पोरीला नोकरी मिळाली तर सोनंच होईल, मुलाच्या कारखान्याचं कामही नाशिकला आहे, तोही बदली मागून घेईल. आणि मग जरा थांबून म्हणाल्या, की माझं काही नाही, मला शेत आहे, शेजारपाजार आहे. पण ह्यांचं कसं होणार कोण जाणे. दिवसभर त्यांना तीच लागते. ओटीवर बसून व्याही त्या वेळी ताडाच्या पंख्याचा सैल दांडा दोऱ्याने घट्ट बांधत होते. मी जाऊन त्यांना दोऱ्याचं दुसरं टोक धरून दिलं.

सोमवारी सकाळी आम्ही टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारी चादर घातली. संगणकाचा डबा खाली, झाकण काढून. त्याच्याशेजारी पाटावर व्याही, हातात पंखा. मला कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली होती, आणि तिथून मला चादरीच्या फटीतून व्याही दिसत होते. डबा आणि ते यांत जागा इतकी कमी होती की त्यांचे गुडघे कानाला लागले होते. बायको आत देवापुढे बसली होती. सगळे पंखे बंद. पडद्यावर मुलाखत घेणारे तिघं आले, नमस्कार झाले, शिक्षण-अनुभव विचारून झालं, आणि त्यांनी पाठ सुरू करायला सांगितलं.

स्वातीने भरती-ओहोटी घेतली होती. तिने सुरुवात केली वरोरच्या किनाऱ्यावरून. डोंगराकडच्या मुलांनो, असं समजा, की तुम्ही सकाळी वरोरला गेलात. होड्या चिखलात कलंडून पडल्यात, पाणी कुठच्या कुठे. तुम्हाला वाटेल समुद्र आटला. मावशी मासळी वाळत घालतायत, त्यांना विचारा, त्या म्हणतील, येईल की, जातो कुठे. आणि दुपारी बघावं तर त्याच होड्या पाण्यावर डुलतायत. आता हे पाणी कुणी नेलं आणि कुणी आणलं? मग ती चंद्राकडे वळली, आणि तिथून पृथ्वीच्या फिरण्याकडे, इतकी सावकाश आणि इतकी सोपी, की जन्मभर समुद्राशेजारी राहून मी जे कधी विचारलं नव्हतं ते मला त्या दिवशी कळलं.

मध्येच माझं लक्ष टेबलाखाली गेलं. पंखा थांबला होता. व्याही मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून, टेबलाच्या फळीकडे बघत ऐकत होते, वर्गात पहिल्या बाकावरचं मूल ऐकतं तसे. मी हातवारे केले. त्यांनी पाहिलं नाही. मी जमिनीवर जवळजवळ आडवा झालो आणि हाताने वारा घालून दाखवला. तेव्हा ते दचकले आणि गेलेला सगळा वारा एकदम भरून काढावा तसा त्यांनी पंखा चालवला. चादर फुगली, टेबलावरचे कागद उडाले आणि त्यातला एक स्वातीच्या तोंडासमोरून गेला. पडद्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, तुमच्याकडे वारा फार दिसतोय.

‘हो सर,’ स्वाती शांतपणे म्हणाली, ‘समुद्र जवळ आहे.’

पाठ संपला. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. मग तिघांतल्या वयस्कर बाईंनी, जरा संकोचत, विचारलं, की घर सोडून इतक्या लांब यायचं आहे, तर सासरच्या मंडळींचं काय म्हणणं आहे? मागे काही जणी रुजू झाल्या आणि घरून बोलावणं आलं म्हणून वर्ष संपायच्या आत परत गेल्या, तेव्हा विचारलेलं बरं. स्वातीने क्षणभर खाली पाहिलं. टेबलाखालचा पंखा एका लयीत चालू होता. कमी नाही, जास्त नाही.

‘माझे सासरे शिक्षक होते,’ ती म्हणाली. ‘त्यांची परवानगी मी विचारली नाही. त्यांनीच अर्ज करायला लावला.’

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं. आम्ही समजत होतो, पोरीने आपल्या हिमतीने अर्ज केला आणि सासरचे नाइलाजाने तयार झाले. मी फटीतून पाहिलं तर व्याह्यांनी डाव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि पंखा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

मुलाखत संपल्यावर त्यांना टेबलाखालून काढायला आम्ही दोघं लागलो. गुडघे सुटत नव्हते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चहा मागितला, आणि दुसरी म्हणजे संगणकाचं झाकण लावून टाकलं. स्क्रू उरला नाही.

नोकरी स्वातीला मिळाली हे इथेच सांगून टाकतो. आठवडाभराने पत्र आलं, जूनमध्ये ती रुजू झाली, जावयाचीही पुढे बदली झाली. तिथल्या मुलांची सहल घेऊन पुढच्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर यायचं असं तिने ठरवलंय. घरचा संगणक भाईने वलसाडहून आल्यावर नवा पंखा घालून दिला. तो ठणठणीत आहे. सगळं चांगलंच झालं. पण मला त्या नोकरीच्या पत्रापेक्षा त्या सोमवारची दुपार जास्त आठवते, मी व्याह्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो होतो ती.

तलासरीची गाडी लागायची होती. आम्ही दोघं बाकावर बसलो. बाक हलत होता, पण त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, ‘भरती-ओहोटी मला पाठ होती हो. समजली आज.’ आणि मग, ‘एका घरात राहतो आम्ही. ती शिकवते कशी, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. ती सकाळी जायची, दुपारी यायची. मी आपला तिला पंप दाखवत बसायचो.’

मी म्हटलं, सर, एक विचारू का? ती गेल्यावर तुम्हाला किती अवघड जाईल हे माहीत असून तुम्हीच अर्ज करायला लावलात, तुम्हीच संगणकासाठी धावत आलात. ते माझ्याकडे बघून हसले, जसे एखाद्या सोप्या प्रश्नावर अडलेल्या मुलाकडे बघून हसत असतील. म्हणाले, माझ्या हाताखालून पोरं पुढे गेली की मला नेहमी बरंच वाटत आलंय. ही जरा उशिरा हाताखाली आली, एवढंच.

गाडी आली. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभा राहिलो, निरोपाचं बोलणं झालं, विहीणबाईंसाठी दिलेल्या सुक्या चिकूची पिशवी त्यांनी मांडीवर नीट ठेवली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ते खिडकीतून वाकून म्हणाले, ‘व्याहीबुवा, तलासरीहून नाशिकला थेट गाडी आहे का हो?’

मी म्हटलं, थेट नसावी, जव्हारवरून जावं लागेल बहुतेक, चौकशी करतो. ते म्हणाले, ‘करा. घाई नाही.’ गाडी वळली, आणि ती हायवेच्या रस्त्याला लागेपर्यंत खिडकीतला तो पांढरा शर्ट मला दिसत होता.